आंतरविद्याशाखीय इंजिनिअरिंग, मुंबईत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा, म्हणजे कारखान्यातल्या मोजमापाच्या आणि नियंत्रणाच्या यंत्रांचा इंजिनिअर. नोकरीची बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत गेली. आता एका उपनगरी कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातो. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. कधी भाची, कधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा नातू, कधी गावाकडचं कुणी. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मधेमधे माझी मतं आहेत, ती मतं म्हणूनच वाचा.

"इंटरडिसिप्लिनरी" म्हणजे नक्की काय असतं?

एसी लोकलचं दार डोळ्यांसमोर आणा. मुंबईत पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला धावली, तेव्हापासून हे दार सगळ्यांच्या परिचयाचं आहे. दार सरकतं, हा मेकॅनिकलचा भाग. ते सरकवणारी यंत्रणा आणि तिला लागणारी वीज इलेक्ट्रिकलकडे. दार नीट लागलं का, हे ओळखणं इलेक्ट्रॉनिक्सचं. सगळी दारं बंद झाल्याशिवाय गाडी सुटू द्यायची नाही, हे ठरवणारी साखळी कंट्रोलची. आणि दादरला कुणाची तरी सॅक दारात अडकते, तेव्हा काय करायचं, हा प्रश्न माणसांच्या वागण्याचा आहे. तो कुठल्याच शाखेच्या पुस्तकात नसतो.

नेहमीची पदवी तुम्हाला यातला एक तुकडा खोलात शिकवते. आंतरविद्याशाखीय पदवीत हे तुकडे एकमेकांना जोडायला शिकायचं असतं. इथे "थोडं हे, थोडं ते" अशी भेळ होण्याचा धोका खरा आहे. म्हणून मी प्रत्येकाला एकच विचारतो: या चार वर्षांत तुझा एक विषय असा कोणता असेल, की ज्यात वर्गातला कुणीही अडला तर तुझ्याकडे येईल? उत्तर मिळालं नाही, तर पुढचं सगळं नंतर बोलू.

हे नवीन फॅड आहे का?

नाव नवीन, गोष्ट जुनी. १८८७ साली भायखळ्यात व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली ती गिरण्यांच्या शहरात. गिरणी चालवायची तर माग, बॉयलर आणि रंग या तिन्हींची समज लागायची. तीच संस्था १९२३ मध्ये माटुंग्याला आली. आजची व्हीजेटीआय ती हीच. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा केमिकल टेक्नॉलॉजी विभाग सुरू झाला, आज तोही माटुंग्यातच आहे. जुनी माणसं अजूनही त्याला यूडीसीटीच म्हणतात, आता तो आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे. रसायनशास्त्र आणि इंजिनिअरिंग एकत्र बसवण्याचंच काम तिथे होत आलं आहे.

आमचं इन्स्ट्रुमेंटेशनही तसंच. प्लांटमध्ये केमिकलवाला आम्हाला इलेक्ट्रॉनिक्सवाले समजायचा आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले प्लंबर समजायचे. त्या अपमानावर आमचं घर चाललं.

मुंबईत हे शिक्षण कुठल्या कुठल्या रूपात मिळतं?

पहिलं रूप म्हणजे शाखेच्या नावातच मिश्रण असतं: मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र), बायोमेडिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, किंवा आयआयटी मुंबईतलं इंजिनिअरिंग फिजिक्स.

दुसरं रूप कमी लोकांना माहीत असतं, आणि बहुतेकांसाठी मला तेच बरं वाटतं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर यातली एक पक्की शाखा घ्यायची आणि तिच्या जोडीला दुसरी. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यात आखलेल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या विषयातला "मल्टिडिसिप्लिनरी मायनर", म्हणजे जोडविषय, घ्यावाच लागतो, १४ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं माप). मुलं त्याला एमडीएम म्हणतात. याखेरीज १८ ते २० क्रेडिट जास्तीची करून वेगळा मायनर किंवा ऑनर्स (आपल्याच शाखेतला जास्तीचा अभ्यास) घेण्याची सोय बऱ्याच कॉलेजांत असते. मूळ पदवी साधारण १६० क्रेडिटची असते, त्यावर हे ओझं. झेपेल का, हे तिसऱ्या सेमिस्टरला कळतं, प्रवेशाच्या दिवशी नाही.

पवईला आयआयटीत आणखी वाटा आहेत. तिथे एका विभागात शिकत असताना मायनर घेता येतो, पाच वर्षांची आंतरविद्याशाखीय दुहेरी पदवी आहे, आणि लिबरल आर्ट्स, सायन्स आणि इंजिनिअरिंग एकत्र घेऊन बीएस करण्याचाही मार्ग आहे. पण तिथवर जेईई अॅडव्हान्स्ड लागते, म्हणजे तो विषय निराळा.

"एआय अँड डेटा सायन्स", "आयओटी", "सायबर सिक्युरिटी" ही आंतरविद्याशाखीय म्हणायची का?

बहुतेक ठिकाणी नाही. ते कॉम्प्युटरच आहे, पाटी बदललेली. यात वाईट काही नाही, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून बघा. त्यात एकही विषय लोखंड, पाणी, वीज, औषध किंवा शरीर याला हात लावत नसेल, तर जोडणी कशाची कशाशी होणार?

प्रवेश कसा होतो?

राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गट. पेपर २०० गुणांचा: गणिताचे १००, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. त्यानंतर कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्या. जेईई मेनच्या गुणांवरही काही जागा असतात.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा अर्ज, भरताना लोक हमखास एक चूक करतात. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम लागला तर तो पक्का होतो, मग "पुढच्या फेरीत बघू" चालत नाही. मागे एका मुलाने सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याने "कुठेतरी लागू दे" म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकलं. त्याला ते लागलं. फॉर्म स्वतः भरा, लॉक करण्याआधी आईवडिलांसमोर मोठ्याने वाचा.

नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी, ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते बारावीच्या सुट्टीतच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावरची रांग बघितली की कळेल का म्हणतोय.

डिप्लोमावाल्यांना जाता येतं का?

हो, थेट दुसऱ्या वर्षाला. आणि खरं सांगू का, अशा अभ्यासक्रमात पॉलिटेक्निकची मुलं चमकतात. त्यांनी वर्कशॉपमध्ये हात काळे केलेले असतात. फक्त पहिल्या वर्षाचं गणित त्यांचं हुकलेलं असतं, ते पहिल्या दोन महिन्यांत भरून काढावं लागतं.

गणित कच्चं आहे. चालेल?

नाही चालणार. दुसऱ्या कुठल्याही शाखेपेक्षा इथे गणित जास्त लागतं, कारण वेगवेगळ्या शाखांमधली समान भाषा तीच आहे. स्प्रिंगला टांगलेलं वजन आणि कॉइल-कपॅसिटरचं सर्किट यांचं समीकरण एकच असतं. वजनाच्या जागी इंडक्टन्स, घर्षणाच्या जागी रेझिस्टन्स. ज्याला हे दिसतं त्याला अर्धा मेकॅट्रॉनिक्स फुकटात मिळतो. ज्याला दिसत नाही तो तेच दोनदा पाठ करतो, आणि दोन्ही वेळा विसरतो.

अभ्यास प्रत्यक्षात कसा असतो?

पहिलं वर्ष सगळ्यांसारखंच: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, ड्रॉइंग, थोडं प्रोग्रॅमिंग. जर्नल, सबमिशन, ओरल आहेतच. फरक जाणवतो तो प्रकल्पात. एक गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी चार मुलांनी नाल्यातली पाण्याची पातळी मोजायचा प्रकल्प घेतला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ही मुलं अंगणवाडीच्याही वयाची नव्हती. पण त्यातला एकजण कुर्ल्याचा, मिठी नदीच्या काठचा. त्याच्या घरी कपाटाखाली अजून विटा लावलेल्या आहेत. विषय त्यानेच आणला.

पुलाखाली एक अल्ट्रासॉनिक सेन्सर उलटा टांगला. आवाज खाली जातो, पाण्यावर आपटून परत येतो, लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. टेबलावर बादलीवर झकास चाललं. नाल्यावर लावलं आणि पाणी मिनिटाला मीटरभर चढायला-उतरायला लागलं.

कॉम्प्युटरच्या मुलाने सरासरी काढणारा कोड लिहिला. ईएक्सटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) मुलीने वायरिंग दोनदा बदललं. मग कुणीतरी म्हणालं, हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, ते हिशेबात धरू. धरलं. आकडे थोडे शहाणे झाले, उड्या तशाच.

शेवटी सिव्हिलचे एक सर चहा घ्यायला लॅबमध्ये डोकावले. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंच नाही. विचारलं, "नाल्यात वाहतं काय?" थर्माकोल, पिशव्या, नारळ, फेस. सेन्सर इमानदारीत थर्माकोलची उंची मोजत होता. सर म्हणाले, खाली भोकं पाडलेला पाइप उभा रोवा. पाणी आत शिरेल, कचरा आणि लाटा बाहेर राहतील, आतली पातळी मोजा. पाणी मोजणाऱ्या माणसांची ही जुनी युक्ती, तिला स्टिलिंग वेल म्हणतात. आम्हा इलेक्ट्रॉनिक्सकडून आलेल्यांना ती सुचली नसती. मलाही सुचली नव्हती, हे कबूल करतो.

पण गोष्ट तिथे संपली नाही. पाइप अरुंद घेतला तर आवाज त्याच्याच भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून जाड पाइप. जाड पाइपला प्रवाहाचा रेटा जास्त, म्हणून मेकॅनिकलच्या मुलाने क्लॅम्प नव्याने केला. भोकं बारीक ठेवली तर गाळाने बुजतात, मोठी ठेवली तर लाटा आत येतात. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ओरलला नेमकं ईएक्सटीसीच्या मुलीला विचारलं, भोकाचा व्यास इतकाच का? तिने उत्तर दिलं, आकृती काढून. माझ्या मते तिची पदवी त्या दिवशी पूर्ण झाली. ब्लॅक बुकचं, म्हणजे प्रकल्पाच्या अहवालाचं, बाइंडिंग नंतर झालं.

कॉलेज निवडताना काय बघायचं?

माहितीपत्रकावरचा हसरा फोटो सोडून सगळं. एखाद्या कामकाजाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला कॉलेजात जा आणि लॅब बघायची परवानगी मागा. यंत्रांवर धूळ आहे का? ऑसिलोस्कोप चालू आहेत की कपाटात कुलूपबंद? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला कँटीनमध्ये गाठा आणि विचारा, दुसऱ्या विभागाचे शिक्षक तुम्हाला खरंच शिकवायला येतात का, की एकाच विभागाचे सर पुस्तक वाचून दाखवतात. अशा पदवीचं मर्म इथेच आहे. दोन विभागांचे मास्तर एका लॅबमध्ये उभे राहत नसतील, तर मुलांकडून ती अपेक्षा कशी करायची?

एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता आणि जागांची संख्या अधिकृत यादीत तपासा. एनबीए मानांकन, म्हणजे दर्जाची पावती, शाखेगणिक असतं, कॉलेजला सरसकट नाही. नव्या शाखेला पहिल्या तुकड्या बाहेर पडेपर्यंत ते मिळत नाही, त्यामुळे "आमचं कॉलेज मानांकित आहे" याचा अर्थ तुमची शाखा मानांकित आहे असा होत नाही.

मेडिकल हुकलं, बायोमेडिकल घेऊ का?

डॉक्टर न होण्याचं दुःख विसरायला घेणार असाल तर नका घेऊ. बायोमेडिकलला सिग्नल प्रोसेसिंग, सर्किट, मटेरियल असतं, पेशंट नसतो. बारावीला गणित सोडलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

मात्र इंजिनिअरिंग आवडत असेल तर मुंबईसारखं गाव नाही. परळच्या एका चौकाभोवती जेवढी मोठी रुग्णालयं आहेत, तेवढी भल्याभल्या शहरांत नसतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या एकत्र कामातून नेक्सकार१९ ही रक्ताच्या काही कर्करोगांवरची कार-टी उपचारपद्धती तयार झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं, असं ते काम. जीवशास्त्रवाला, इंजिनिअर आणि डॉक्टर यातला एक जरी गळला असता तरी ते झालं नसतं. पवईलाच बेटिक नावाचं केंद्र आहे, तिथे इंजिनिअर आणि डॉक्टर मिळून उपकरणं घडवतात.

कॅम्पसमधून नोकरी लागते का?

लागते, पण एक मेख आहे. कंपन्या कॉलेजला शाखांची यादी पाठवतात: कॉम्प्युटर, आयटी, ईएक्सटीसी वगैरे. तुमच्या शाखेचं लांबलचक नाव त्यात नसेल तर फॉर्मच भरता येत नाही, मग तुम्ही कितीही हुशार असा. आमच्याकडे एका मुलीचं असं झालं. कंपनीला हवं ते सगळं तिला येत होतं, ड्रॉपडाऊनमध्ये तिची शाखा नव्हती. प्लेसमेंटच्या सरांनी तीन मेल लिहिले तेव्हा नाव जोडलं गेलं. म्हणून प्रवेशाआधी प्लेसमेंट विभागाला "सरासरी पॅकेज किती" हे विचारू नका. "गेल्या वर्षी आलेल्या कंपन्यांपैकी किती जणींनी या शाखेला बसू दिलं" हे विचारा. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, तेही बघा.

सरकारी नोकरी, गेट वगैरे?

सरकारी इंजिनिअर व्हायचं पक्कं असेल तर सरळ सिव्हिल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घ्या आणि मायनर दुसरा करा. यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सेवा परीक्षेत सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम एवढेच गट आहेत. बऱ्याच जाहिरातींत शाखेचं नाव जसंच्या तसं मागतात, आणि "समकक्ष" सिद्ध करताना वर्ष निघून जातं. नागरी सेवेला मात्र कुठलीही पदवी चालते.

गेटमध्ये, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेत, परिस्थिती बरी आहे. बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर २०२० पासून, डेटा सायन्स आणि एआयचा २०२४ पासून. शिवाय एक्सई म्हणजे इंजिनिअरिंग सायन्सेस हा पेपर जणू मिश्र शिक्षणवाल्यांसाठीच आहे: गणित सक्तीचं, आणि द्रव यांत्रिकी, मटेरियल सायन्स, थर्मोडायनॅमिक्स अशा भागांपैकी कुठलेही दोन निवडायचे.

फी परवडेल का?

कॉलेजागणिक फार फरक पडतो, आकडा त्या वर्षीच्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीतच बघा. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सोय झाली आहे: ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी गटातली मुलगी, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, आणि प्रवेश कॅपमधून, असं असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. सगळ्यांनी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज वेळेत करा. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या योजनेच्या, जागा वेगळ्या असतात, ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो, तो बघून भरा.

विरारहून माटुंग्याला रोज जमेल?

जमतं, हजारो मुलं करतात. फक्त पहिल्या आठवड्यातच कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म घ्या, आणि ड्रॉइंग शीटची नळी घेऊन सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढू नका.

एखादी केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर?

लागते. मला इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये लागली होती आणि पुढे आयुष्यभर व्हॉल्व्हवरचे दाब-ताणच मोजत बसलो. घरी लपवू नका, पुढच्या सेमिस्टरवर ढकलत नेऊ नका, एवढंच.

परदेशी एमएस करायचं असेल तर?

दर सेमिस्टरचा अभ्यासक्रम, विषयवार, कॉलेजचा शिक्का मारून आत्तापासून जपून ठेवा. मिश्र नावाची पदवी बघून परदेशी विद्यापीठं विचारतात, यात नेमकं काय शिकलात? चार वर्षांनी अभ्यासक्रमाची आखणी बदललेली असते, जुना अभ्यासक्रम संकेतस्थळावरून गेलेला असतो, आणि कार्यालयातले काका म्हणतात, "ती फाइल वर माळ्यावर आहे."

पहिलं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत काय करू?

क्लास लावू नका. ग्रँट रोडला उतरा आणि लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा, एक साधा मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन घ्या. दुकानदार पहिल्यांदा चढा भाव सांगेल, दोन दुकानं पुढे जा. मग घरातला बंद पडलेला मिक्सर आईला विचारून उघडा. प्लग काढलेला असू दे. कार्बन ब्रश झिजलेत का बघा, स्विचचे संपर्क घासून बघा, मोटरची वायर तुटली आहे का ते मल्टिमीटरवर तपासा. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बंद करताना एक स्क्रू हमखास उरतो.